सूप एकीचं, बिल चौघींचं

तुम्ही म्हणाल, ही बाई नेपाळला गेली आणि पशुपतिनाथाविषयी लिहायचं सोडून रशियन जेवणाचं काय सांगत बसली! पशुपतिनाथाचं दर्शन झालं हो. पहाटे उठून, थंडीत कुडकुडत, अगदी यथासांग झालं. पण त्याच दिवशी रात्री आम्ही चौघी मैत्रिणी जिथे जेवलो, तिथली एक गोष्ट माझ्या मनात काट्यासारखी रुतून बसली आहे. आज ती तुमच्यापाशी बोलूनच टाकते.

गोष्ट २०१९ सालच्या नोव्हेंबरातली. शाळेला दिवाळीची सुट्टी होती. बी.ए. होऊन आम्हा चौघींना बारा वर्षं झाली होती आणि त्या बारा वर्षांत 'एकदा आपण चौघीच कुठेतरी जाऊ या' हे वाक्य आम्ही निदान बाराशे वेळा तरी म्हटलं असेल. शेवटी जूनमध्ये पैसे भरून टाकले, तेव्हा कुठे खरं वाटलं. एक सहकारी बँकेत नोकरी करणारी. दुसरी नाशिकची, डॉक्टरांच्या घरात पडलेली. तिसरी आमची गाणारी. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तिचं गाणं झाल्याशिवाय पडदा पडत नसे. आणि चौथी मी, दुपारच्या शाळेतली अर्धवेळ मास्तरीण. घरून निघताना आमच्या 'ह्यां'नी विचारलं, "चार दिवस मुलांना डबा कोण देणार?" मी म्हटलं, "मुलांचे बाबा!" आणि निघाले.

आता रशियन जेवण काठमांडूत कुठून आलं ते सांगते. नाशिकच्या मैत्रिणीचे सासरे तरुणपणी काठमांडूला जाऊन आले होते. त्यांनी सुनेला निघताना बजावलं होतं, "याक अँड यती हॉटेलात तांब्याच्या धुराड्याची एक खोली आहे. तिथे एकदा जेवून या, आणि बीटाचं सूप घ्यायला विसरू नका." सासऱ्यांचा शब्द! मोडायचा कसा?

त्या खोलीचं नावच 'चिमनी'. आपली दाणे टिपणारी चिमणी नव्हे, धुराडं. दरबार मार्गावरून आत वळलं की हॉटेल लागतं, आणि त्याच्या आवारात राणांच्या काळचा जुना लाल दरबार आहे. खोलीच्या मधोमध विस्तव आणि त्यावर छपराकडे गेलेलं भलंमोठं तांब्याचं धुराडं. बाहेर नोव्हेंबरची थंडी, आत ती ऊब. टेबलांवर पांढरे कडक इस्त्रीचे कपडे, मेणबत्त्या, आणि प्रत्येकीपुढे इतके काटे, सुऱ्या नि चमचे मांडलेले, की बँकवाली हळूच म्हणाली, "हे सगळं वापरायचं, की यातलं एक निवडायचं?"

ही जागा ज्यानं घडवली तो माणूस म्हणजे एक कादंबरीच होती. नाव बोरिस लिसानेविच. जन्म १९०५ चा, ओडेसाचा. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. क्रांतीनंतर देश सुटला. दियागिलेव्हच्या प्रसिद्ध बॅले मंडळीत हा नाचत असे. फिरत फिरत कलकत्त्याला आला आणि १९३६ साली तिथे त्यानं '३०० क्लब' काढला. इंग्रजांच्या राज्यात गोरे नि हिंदी लोक जिथे एकत्र बसून जेवत, अशा मोजक्या जागांपैकी ती एक. नेपाळचे राजे त्रिभुवन यांची नि त्याची ओळख कलकत्त्याचीच. १९५१ साली राणांची सत्ता गेली, नेपाळचं दार परक्यांना किलकिलं झालं, आणि बोरिस काठमांडूत येऊन राहिला. एका राणा महालाच्या भागात त्यानं 'रॉयल हॉटेल' थाटलं. त्या काळात भारतातून काठमांडूला जायला मोटाररस्तासुद्धा नव्हता! मधेच सरकारशी दारूच्या परवान्यावरून वाद झाला नि काही काळ त्याला तुरुंगाची हवा खावी लागली. आणि १९५६ मध्ये राजे महेंद्र यांच्या राज्याभिषेकाला जगभरचे पाहुणे यायचे ठरले, तेव्हा त्यांच्या जेवणाखाणाची जबाबदारीही त्याच्यावरच पडली. १९६१ साली इंग्लंडची राणी एलिझाबेथ आली, तेव्हाही यजमानपणाला हाच. पाहुण्यांना मनापासून खाऊ घालावं, हिशेबाचं मग बघू, असा त्याचा स्वभाव होता म्हणतात. रॉयल हॉटेल बंद पडल्यावर त्याची खानावळ लाल दरबारात आली. १९८५ साली तो काठमांडूतच वारला. मिशेल पेसेल नावाच्या फ्रेंच लेखकानं त्याच्यावर १९६६ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहिलं आहे.

खरं सांगू? मला रशियन जेवणाचं वेड लहानपणापासूनचं. माझ्या आईच्या शाळेच्या दिवसांत 'सोव्हिएत देश' नावाचं गुळगुळीत कागदाचं नियतकालिक घरोघरी येई आणि त्याची पानं वह्यापुस्तकांना कव्हर घालायला फार उपयोगी पडत. तेव्हाची मराठीत आलेली रशियन गोष्टींची पुस्तकं आजोळी ट्रंकेत होती. मी सुट्टीत ती वाचायची. त्या गोष्टींतली माणसं येता-जाता कोबीचं सूप पीत. आजीला एकदा मी तसलं सूप मागितलं, तर ती म्हणाली, "कोबीची भाजी टाकतेस आणि सूप मागतेस होय गं?"

तर सूप आलं. 'बोर्श' म्हणतात त्याला. गडद लाल रंग, आत बीट, कोबी, गाजर, बटाटा, वर घट्ट आंबूस सायीचा गोळा, आणि त्यावर चिरलेला शेपू! हो, आपला शेपूच. ज्या शेपूवरून माझ्या घरी दोन्ही मुलं ताट सरकवतात, तोच इथे राजाच्या मुकुटातल्या तुऱ्यासारखा मिरवत होता. (शाकाहारी मैत्रिणींनो, हे सूप पुष्कळदा मांसाच्या पाण्यात शिजवतात, तेव्हा मागवण्याआधी विचारा. आमच्या बँकवालीनं विचारलं, आणि मग मशरूमचा एक पदार्थ घेतला.) चव कशी सांगू? बीटाचा गोडवा, त्याला आंबटपणाची धार, आणि साय विरघळली की सगळं मऊ. आमच्या गाणारीनं पहिला चमचा घेतला आणि डोळेच मिटले.

रशियन पद्धतीच्या जेवणाची एक खूण आहे. ताटात सगळं एकदम येत नाही. एक पदार्थ येतो, तो संपतो, बशी उचलतात, मग दुसरा. पूर्वी फ्रान्समध्ये बड्या घरच्या मेजवान्यांत सगळे पदार्थ एकदमच टेबलावर मांडायची रीत होती. एकोणिसाव्या शतकात ही एकामागून एक वाढायची रीत रशियाकडून तिकडे गेली, आणि आज जगभरच्या मोठ्या हॉटेलांत तीच चालते. अन्न गरम मिळतं हा तिचा मोठा गुण. आपल्या ताटाचं गणित वेगळं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, वरणभात, सगळं आपापल्या जागी आणि पंक्तीतल्या सगळ्यांना सारखं. कोणी काय घेतलं नि काय टाकलं, हे शेजारणीच्या लक्षातही येत नाही.

इथे मात्र येतं. यायला हवं होतं.

नाशिककर आणि मी, आम्ही दोघींनी चिकन कीव्ह मागवलं. कोंबडीच्या मांसाच्या आत लोण्याचा गोळा, वरून ब्रेडच्या चुऱ्याचं आवरण, आणि तळलेलं. त्यात काटा खुपसताना जपा बरं का! आतलं लोणी वितळून तापलेलं असतं, ते चिळकांडीसारखं उडतं. माझ्या नव्या रेशमी कुर्त्यावर उडालंच. आधी टोकाशी हळूच एक छेद द्यायचा आणि लोणी बशीत उतरू द्यायचं, हे कुर्त्याचं वाटोळं झाल्यावर कळलं.

गाणारी म्हणाली, "मला काही नको गं. सूपानंच पोट भरलं. प्रवासात जरा जपलेलं बरं." आणि ती बसून राहिली. आमच्या बश्या आल्या, गेल्या. तिच्यापुढे पांढरं रिकामं टेबल. सूपाबरोबर आलेल्या पावाची टोपली मात्र तिनं जवळ ओढली होती. एक पाव खाल्ला, दुसरा खाल्ला, लोणी लावून तिसरा. मी हसून म्हटलं, "वा गं वा! पोट भरलंय म्हणतेस आणि पावावर ताव?" तीही हसली. टोपलीवरचा हात तेवढा तिनं मागे घेतला. मैत्रिणींनो, तो मागे घेतलेला हात मला त्या क्षणी दिसला होता, पण मला त्याचा अर्थ लागला नाही. वर्गात साठ मुलांमधून कोणी डबा आणला नाही ते मी बरोबर ओळखते. इथे चार बायकांत ओळखता आलं नाही.

अडीच तास बसलो आम्ही. विस्तवाकडे बघत काय काय बोललो! सासवा, दीर, मुलांचे मार्क, कॉलेजमधल्या एका प्राध्यापकांची नक्कल. शेवटी एक केक मागवून त्यात चार चमचे घातले. मग बिल आलं.

आता इथे हिशेबाची एक गोष्ट सांगते, उपयोगी पडेल. भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०. त्यामुळे मेनूकार्डावरचा आकडा वाचून आधी छाती दडपते, मग आपण मनात भागाकार करतो आणि 'हात्तिच्या!' म्हणून निर्धास्त होतो. पण आम्ही गेलो तेव्हा तिथे पदार्थांच्या किमतीवर १० टक्के सेवाशुल्क लागे आणि त्या बेरजेवर १३ टक्के कर. समजा, पदार्थांची बेरीज १०,००० नेपाळी रुपये झाली, तर सेवाशुल्कानं ११,००० आणि करानं १२,४३० होतात. म्हणजे आपले सुमारे ७,७७० रुपये. मेनूकार्ड बघून जे मनात धरलं, त्यापेक्षा जवळजवळ पाव पट जास्त! शिवाय नेपाळनं त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या शंभरावरच्या नोटा बंद केल्या होत्या. म्हणून आम्ही चौघींनी शंभराच्या नोटांची पुडकी करून आणली होती.

बँकवालीनं पेन काढलं. कोणी काय खाल्लं ते ती लिहायला लागली, आणि मी, हो मीच, मोठेपणानं म्हटलं, "अगं, मैत्रिणींत कसला आलाय हिशेब? सरळ चार भाग करा!" नाशिककरनं मान डोलावली. गाणारीनं पर्स उघडली. तिनं नोटा मोजल्या, बोट ओलं करून पुन्हा मोजल्या. मला चेष्टा सुचली. "मास्तरीण मी आहे की तू? किती वेळा मोजशील!" सगळ्या हसल्या. नोटा टेबलावर पडल्या.

दुसऱ्या दिवशी असन बाजारात गेलो. दाटीवाटीचा जुना बाजार, मसाले, तांब्यापितळेची भांडी, लोकर. आम्ही तिघींनी स्वेटर घेतले, शाली घेतल्या. गाणारीनं लहान मुलीचा एक लाल स्वेटर हातात धरला, उलटापालटा केला, बाह्यांची लांबी वितीनं मोजली आणि ठेवून दिला. "रंग जातो म्हणतात याचा," असं म्हणाली. आणि मी काय म्हणावं? "चिक्कू कुठली!"

पुढे २०२० चा मे महिना उजाडला. सगळे घरात कोंडलेले. एका दुपारी तिचा फोन आला, इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि बोलता बोलता हसतच तिनं सांगितलं, की तिच्या यजमानांचं कापडाचं दुकान आम्ही नेपाळला जायच्या दोन महिने आधीच बंद झालं होतं. सहलीचे पैसे भरलेले, परत मिळण्यासारखे नव्हते. यजमान म्हणाले, जाऊन ये, पुन्हा कधी जाशील? वरखर्चाला जे पुडकं आणलं होतं, त्यातल्या निम्म्याहून जास्त नोटा त्या रात्रीच्या बिलात गेल्या. मुलीला स्वेटर आणायचं कबूल केलं होतं. "पण सूप फार छान होतं गं," ती म्हणाली, "खोटं नाही सांगत. दुपारपासून पोटात काही नव्हतं, आणखी तीन वाडगे प्यायले असते."

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. भाजी करपली तरी कळलं नाही.

पैसे परत देऊ केले का, असं तुम्ही विचाराल. केले. चार दिवसांनी कसेबसे शब्द जुळवून फोन केला. ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "माझ्या वाट्याचं मी दिलंय. आता ते परत घेऊन मला कमी करू नकोस." आणि विषय बदलला. तिचं बरोबर होतं. चूक करून वर उपकारही मीच करायला निघाले होते. मुलीसाठी स्वेटर विणून पाठवावा असंही मनात आलं. सुया हातात घेतल्या आणि ठेवून दिल्या. त्यामागचं कारण ती पहिल्या टाक्यातच ओळखणार, हे मला ठाऊक होतं.

मग आम्ही केलं काय, तर बंद उघडल्यावर एकमेकींच्या घरीच जमायला लागलो. पहिली पाळी मी मागून घेतली आणि बोर्श केलं. शाकाहारी, आपल्या घरात होईल असं. कृती सांगते. दोन मध्यम बीट नि एक गाजर किसून घ्या. एक कांदा चमचाभर लोण्यावर मऊ करा, त्यात बीट-गाजर नि एक चिरलेला टोमॅटो घालून परता, आणि त्याच वेळी चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घाला. आंबटामुळे बीटाचा लाल रंग टिकतो, नाहीतर सूप विटकरी दिसतं. दुसऱ्या पातेल्यात पाच-सहा वाट्या पाण्यात एका बटाट्याच्या फोडी आधी पूर्ण शिजवा. बटाटा आंबटात पडला की लवकर शिजत नाही, तासभर ताटकळत बसाल. बटाटा शिजला की पाव गड्डा कोबी बारीक चिरून त्यात टाका, मग परतलेलं बीट, मीठ, मिरपूड, नि चार काळे मिरे. दहा मिनिटं मंद उकळी पुरे. रशियन सायीऐवजी चक्क्यात थोडी साय फेटून तिचा गोळा वाढताना वर सोडा, आणि मुठीतल्या मुठीत शेपू. कुकरला लावू नका, कोबीचा लगदा होतो. दुसऱ्या दिवशी चव आणखी मुरते.

आणखी एक गोष्ट. हे सूप ज्या युक्रेनचं, त्या देशात २०२२ साली युद्ध पेटलं, आणि त्याच वर्षी युनेस्कोनं तिथल्या बोर्श करण्याच्या परंपरेची नोंद तातडीनं जपायच्या वारशांत केली. बातमी वाचली त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढे ओडेसाहून निघालेला तो बोरिस आला आणि त्याचं तांब्याचं धुराडंही.

सहलीला आम्ही पुन्हा गेलो ते थेट २०२३ मध्ये, महाबळेश्वरला. त्या वेळी बँकवालीनं एक युक्ती काढली. निघण्याआधी चौघींनी एकेका चिठ्ठीवर, खर्चाला किती रक्कम सहज झेपेल तो आकडा लिहायचा, नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या डब्यात. जी सर्वांत कमी, तीच सहलीची रक्कम. ती कोणाची, हे विचारायचं नाही. तेवढे पैसे प्रत्येकीनं आधीच एका पाकिटात घालायचे आणि चहापासून स्ट्रॉबेरीपर्यंत सगळं त्या पाकिटातून. पाकीट संपलं की घरचे लाडू काढायचे. पहिल्या खेपेला अक्षरावरून मी नाशिककरला ओळखलं, म्हणून आता एकाच पेनानं फक्त आकडे, तेही डाव्या हातानं! हसू नका, करून बघा. आणि गंमत अशी, की सर्वांत कमी आकडा गाणारीचा नव्हताच. तो होता आमच्या डॉक्टरीणबाईंचा. मोठं घर, मोठा दवाखाना, पण हातात स्वतःचे म्हणून पैसे किती, हे तिनं आम्हाला कधी कळूच दिलं नव्हतं. काठमांडूला तिचे पैसे सासऱ्यांनी दिले होते, हेही तेव्हाच कळलं.

गाणारी आता घरी गाण्याचे क्लास घेते. वीस-बावीस मुलं येतात. यजमान दुसऱ्याच्या दुकानात बसतात. गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला, "रविवारी माझ्याकडून जेवण. घरी नाही, बाहेर. नाही म्हणायचं नाही." आम्ही तिघी गेलो. गावातलंच साधं उडुपी हॉटेल. चौघींना थाळ्या तिनंच सांगितल्या, सगळ्यांना सारख्या. जेवता जेवता बँकवालीनं मेनूकार्ड चाळायला घेतलं, तर हिनं ते काढून शेजारच्या टेबलावर ठेवून दिलं. पोऱ्यानं बडीशेपेच्या बशीत बिल आणलं. माझा हात सवयीनं पर्सकडे गेला. तिनं बिल उपडं केलं, त्यावर आपला तळहात ठेवला, आणि दुसऱ्या हातानं बशी माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "बाई, बडीशेप घ्या."